जळालेल्या डोंगरावरचा अर्धा तास

२०२५ च्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला. ती लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी राहते. ७ जानेवारीला तिकडं ईटन नावाचा वणवा लागला, तेव्हा पोरांना घेऊन ती मैत्रिणीकडं गेली होती. माणसं वाचली, घर वाचलं, आणि आम्ही इकडं अंबाबाईला नारळ फोडला. आता जेमतेम महिना उलटला, तोवर पुन्हा तोच घाबरा आवाज. "मामा, परत घर सोडायला सांगितलंय. पाऊस येणार आहे म्हणून."

किती पाऊस, म्हणून विचारलं. दोन-तीन इंचांचा अंदाज होता. आमच्या गगनबावड्यात जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा पाऊस दुपारच्या जेवणापर्यंत पडून जातो आणि कुणी त्याची दखलही घेत नाही. म्हणून पहिल्यांदा मला वाटलं, तिकडचे लोक जरा जास्तच सावध असावेत. भाचीचाही प्रश्न तोच होता: "आग तर विझली. आता पावसाला कशाला भ्यायचं?"

१३ फेब्रुवारीला तो पाऊस झाला. जळालेल्या डोंगरांवरून चिखल आणि धोंडे वस्त्यांमध्ये उतरले. मलिबूजवळ समुद्राकाठच्या महामार्गावर अग्निशमन दलाच्या माणसाची गाडीच लोंढ्यानं समुद्रात ढकलली. तो माणूस कसाबसा बाहेर आला. भाची दुसऱ्या दिवशी घरी परतली तेव्हा तिच्या गल्लीच्या खालच्या टोकाला कंबरभर गाळ होता.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. तरीही त्या फोनवर मला तिला नीट समजावता आलं नव्हतं, याची रुखरुख राहिली. हा लेख तिथून सुरू झाला.

आपल्याकडं दरड म्हटलं की माळीण आठवतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. मग २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, आणि तो योगायोग नाही. सह्याद्रीत वर मातीचा आणि मुरमाचा थर, खाली काळा कातळ. जूनपासून पाऊस मुरत राहतो. माती पाणी पिऊन जड होते, कणांमधल्या फटीत पाणी दाटतं आणि कणाला कणाची पकड राहत नाही. कातळावर पाणी साचून तो थर निसरडा होतो. मग एका रात्रीच्या मोठ्या पावसात डोंगराचा तुकडाच्या तुकडा सुटतो. म्हणजे ही दरड आतून भिजून कोसळते. तिला बरेच दिवसांचा पाऊस लागतो.

जळालेल्या डोंगराचं याच्या उलट असतं. तिथं पाणी आत शिरत नाही, आणि घात तिथंच होतो.

हे घरात करून पाहता येतं. परातीत कोरडं गव्हाचं पीठ पसरा आणि वरून पाण्याचा एक थेंब अलगद सोडा. थेंब पिठात लगेच जिरत नाही. गोळी होऊन वरच बसतो, परात कलती केली तर घरंगळतो. जळालेल्या जमिनीचं काही ठिकाणी असंच होतं. झाडाझुडपांच्या पानांत, सालीत, पालापाचोळ्यात मेणासारखे पदार्थ असतात. कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर जी काटक, तेलकट पानांची झुडपं वाढतात त्यांच्यात ते भरपूर. आग लागली की त्यांची वाफ होते. बरीचशी वर धुरात जाते, पण काही वाफ खाली मातीत शिरते. खालची माती थंड असते, तिथं ती वाफ गोठते आणि मातीच्या प्रत्येक कणाला मेणाचा हात दिल्यासारखा लेप बसतो. हा थर बहुतेकदा पृष्ठभागापासून काही सेंटिमीटरच खाली असतो. वर राखमिश्रित सुटी माती, खाली पाणी न पिणारा थर. मुसळधार पाऊस आला की वरची माती भिजते, खाली जायला वाट नसते, आणि सगळा गाळ उतारावरून निघतो.

मात्र या मेणाच्या थराचं कौतुक लेखांमधून जरा जास्त होतं. तो प्रत्येक वणव्यानंतर तयार होतोच असं नाही, आणि झाला तरी सगळा डोंगर व्यापत नाही. त्याच्याइतकीच मोठी गोष्ट म्हणजे डोंगराचं पांघरूण जाणं. झाडाचं पान पावसाचा थेंब झेलतं आणि सावकाश खाली सोडतं. पाचोळा पाणी धरून ठेवतो. गवताची बुडखी पाण्याच्या वाटेत हजार ठिकाणी आडवी येतात. हे सगळं जळून गेलं की थेंब थेट उघड्या मातीवर आपटतो, बारीक कण उडतात, मातीची छिद्रं त्या कणांनी आणि राखेनं बुजतात. पाण्याला अडवणारं कुणी उरत नाही. पूर्वी जे पाणी ओढ्याला पोचायला बराच वेळ घ्यायचं ते आता सगळं एकदम पोचतं.

आणि ओढ्यात त्याची वाट पाहत काय पडलेलं असतं? आग चालू असतानाच तीव्र उतारावरची माती कोरडीच घरंगळू लागते, कारण तिला धरून ठेवणारी झुडपांची बुडं जळालेली असतात. पावसाचा थेंबही पडण्याआधी घळी दगडमातीनं भरत जातात. पाणी येतं ते या साठ्यावर. वाटेत ते माती उचलतं, दगड उचलतं, जळके ओंडके उचलतं, काठ खरवडतं. निघताना गढूळ पाणी असतं, पायथ्याशी येईतो ते पाणी राहिलेलं नसतं. स्लॅब टाकताना मिक्सरमधून ओततात तसं ओलं काँक्रीट झालेलं असतं.

हे काँक्रीट ट्रकएवढे धोंडे कसे वाहून आणतं, हा प्रश्न माझे विद्यार्थी नेहमी विचारतात. थोडं गणित करू. आपल्या काळ्या दगडाचा २९० किलोचा एक धोंडा घ्या. त्याचं आकारमान साधारण १०० लिटर भरेल. तो पाण्यात बुडाला तर १०० लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणून त्याचं वजन १०० किलोंनी कमी भासतं. उरतात १९० किलो. पण असा दाट लोंढा पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. त्यात तोच धोंडा २०० किलोंनी हलका होतो आणि उरतात फक्त ९० किलो. चार माणसांना न हलणारा दगड दोघांना हलवता येईल असा होतो, आणि त्याला ढकलायला मागून सगळी घळ जोर लावत असते. त्यातले मोठे धोंडे लोंढ्याच्या तोंडाशी जमा होतात. म्हणून घरावर पहिला आदळतो तो चिखल नसतो, दगडांची भिंत असते. मागून पातळ चिखल येतो, आणि काही वेळानं पुन्हा दुसरी लाट. पहिली लाट ओसरली म्हणून बघायला बाहेर आलेली माणसं दुसरीत सापडतात.

आता मुख्य मुद्दा. अशा डोंगराला किती पाऊस लागतो? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा अनुभव सांगतो की दक्षिण कॅलिफोर्नियात अर्ध्या तासात ७ मिलिमीटर इतक्या कमी पावसानंही असे लोंढे सुटलेले आहेत. आपल्या हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. आपण चोवीस तासांचा आकडा बघतो, कारण आपल्या दरडी भिजून येतात. जळालेला डोंगर मात्र मिनिटं मोजतो. दिवसभर रिमझिम पडणारा ५० मिलिमीटर पाऊस तो सोसेलही, पण त्यातले दहा मिलिमीटर दहा मिनिटांत आले तर सोसणार नाही. भाचीला घर सोडायला लावलं ते दोन-तीन इंचांसाठी नव्हतंच. त्या दोन-तीन इंचांतली एखादी सर जोराची असेल तर काय, यासाठी होतं.

९ जानेवारी २०१८ ला कॅलिफोर्नियातल्याच मॉन्टेसिटो या गावात नेमकं हेच झालं. आदल्या ४ डिसेंबरला लागलेल्या थॉमस वणव्यात गावामागचा डोंगर जळाला होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास एक सर आली, पाच मिनिटांत अर्धा इंच, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर. तेवढ्यानं घळी फुटल्या. २३ माणसं गेली, शंभराहून जास्त घरं नष्ट झाली, खालचा महामार्ग जवळपास दोन आठवडे बंद राहिला. एक तपशील मला फार लागतो: थॉमस वणवा पूर्ण आटोक्यात आल्याचं जाहीर झालं ते १२ जानेवारीला, या लोंढ्यानंतर तीन दिवसांनी. म्हणजे कागदोपत्री आग अजून संपलेलीही नव्हती. इशारे दिले गेले होते, काही भागाला सक्तीचे, काही भागाला ऐच्छिक. पण आगीसाठी आधीच एकदा घरं सोडून दमलेली बरीच माणसं पुन्हा उठायला तयार नव्हती. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. २०१९ ला महापुरात घर सोडलेल्या आणि २०२१ ला पुन्हा सोडाव्या लागलेल्या कोल्हापूरकरांना तो थकवा समजेल.

मॉन्टेसिटो मुळात वसलंय तेच अशा जुन्या लोंढ्यांनी आणलेल्या दगडमातीवर. डोंगरातली घळ जिथं सपाटीला येते तिथं लोंढ्याचा जोर ओसरतो आणि माल पसरतो. हजारो वर्षं असं होत राहिलं की सुपासारख्या आकाराची जमीन तयार होते, तोंडाशी अरुंद आणि पुढं रुंद. हलका उतार, निचरा चांगला, देखावा सुंदर. घर बांधायला माणसाला हीच जागा आवडते. परसात अर्धवट गाडलेले गोल धोंडे दिसले तर ते कुणी शोभेला आणून ठेवलेले नसतात.

भाची राहते त्या लॉस एंजेलिसच्या भागातली एक जुनी मोठी आपत्ती १ जानेवारी १९३४ ची. नोव्हेंबर १९३३ मध्ये ला क्रेसेंटा खोऱ्यावरचा डोंगर जळाला, आणि नववर्षाच्या रात्री पावसात चिखलधोंडे खाली आले. किमान चाळीस माणसं गेली. त्यातली बारा एका सभागृहात होती, जिथं ती आसऱ्यालाच गेली होती. इमारत पक्की वाटली होती. उभी होती ती लोंढ्याच्या वाटेवर. आपल्याकडं पावसाळ्यात वस्ती हलवायची झाली की पहिलं नाव शाळेचं निघतं. शाळा पक्की आहे का, हे आपण बघतो. ती ओढ्याच्या तोंडाशी आहे का, हे कितीदा बघतो?

त्या अनुभवानंतर लॉस एंजेलिस परगण्यानं घळींच्या तोंडाशी मोठमोठी दगडमाती अडवणारी कुंडं बांधली. आज ती दीडशेच्या वर आहेत. पाणी पुढं जातं, धोंडे आणि गाळ मागं राहतात. पण कुंड भरलेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून वणव्यानंतर पहिल्या पावसाआधी ती उपसायला ट्रकांच्या रांगा लागतात. भाचीच्या घरावरून हे ट्रक महिनाभर जात होते.

कोल्हापूरचा माणूस पुराला नवखा नाही. जुलै लागला की रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत एकच प्रश्न: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. पंचगंगा फुटाफुटानं चढते, सामान माळ्यावर टाकायला, म्हशी हलवायला वेळ देते. या सवयीचाच जळालेल्या डोंगराजवळ घोटाळा होतो. तिथं पाणी वाढताना बघत बसायची सोय नाही. सर सुरू झाल्यापासून लोंढा यायला कधी कधी मिनिटंच लागतात. पाऊस सुरू झाल्यावर निघू, हा विचार उशिराचाच. निघायचं ते अंदाज आला की, आणि अंधार पडायच्या आत.

मग हे सगळं आपल्या डोंगरांना लागू आहे का? सरळ उत्तर असं की जसंच्या तसं नाही. माळीण, तळीये, इर्शाळवाडी या वणव्यानं आणलेल्या दरडी नव्हत्या. पन्हाळ्याचा रस्ता जुलै २०२१ मध्ये खचला, भुईबावडा आणि करूळ घाटात जवळपास दर पावसाळ्यात दरड येते, तीही भिजूनच. आपले वणवे बहुतेक गवताचे असतात. गवत भरकन पेटतं आणि भरकन विझतं, माती खोलवर तापत नाही. तिकडच्या दाट, मेणचट झुडपांची आग उतारावर धगधगत राहते, आपली तशी नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाकडं, पन्हाळ्याच्या पश्चिमेला, आमच्या डोंगराचा एक अंग जळाला होता. मी बाटलीभर पाणी घेऊन वर गेलो. नुसतं गवत जळालेल्या ठिकाणी राख बाजूला करून थेंब टाकला, तो लगेच जिरला. पण करवंदीच्या जळलेल्या जाळीखाली, जिथं वर्षानुवर्षांचा पाचोळा धुमसत राहिला होता, तिथं बोटभर माती उकरून टाकलेला थेंब गोळी होऊन बसला. मी पंधरापर्यंत आकडे मोजले तरी तसाच. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ थेंब टिकला तर ती माती पाणी झिडकारणारी मानतात. म्हणजे आपल्याकडंही हे होतं, मात्र ठिगळाठिगळानं. गवताच्या जागी ठिगळ नसलं तरी पांघरूण गेलेलं असतंच.

यात आपली एक खास अडचण आहे, आणि ती म्हणजे वळीव. आपले डोंगर पेटतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. जूनच्या संथ पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, वळवाचा पाऊस येतो. तो किती तास पडतो ते सांगायची गरज नाही. आभाळ काळं होतं, वारा सुटतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात रस्त्याचा ओढा करून तो निघून जातो. अर्ध्या तासात सात मिलिमीटर ही वळवासाठी किरकोळ गोष्ट. आणि नेमकं त्याच वेळी डोंगर सगळ्यांत उघडा असतो: राख ताजी, नवं गवत उगवलेलं नाही. पहिल्या वळवाला ओढ्याला येणारं काळं पाणी आमच्या गावात सगळ्यांनी पाहिलंय. ती राख असते, आणि राखेमागून जाते ती माती. आमच्या ओढ्यावरचा लहान बंधारा दरवर्षी थोडा थोडा भरतोय, तो याच मातीनं.

शिवाय मुळं लगेच मरत असली तरी लगेच कुजत नाहीत. जळालेल्या झाडाचं मूळ आणखी काही वर्षं मातीला बांधून ठेवतं, मग सुटतं. लोंढ्याचा मोठा धोका आगीनंतर साधारण पहिली दोन वर्षं. पण मुळं कुजल्यावर भिजून कोसळणाऱ्या दरडीचा धोका त्यानंतर वाढू शकतो. तीव्र उतारावरची झाडी पुन्हा पुन्हा जळत राहिली तर हा दुसरा धोका आपल्याला जास्त लागू आहे, असं माझं मत आहे.

डोंगर पेटतो कसा, हे गावात कुणाला विचारायची गरज नाही. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीनं काडी लावली जाते. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजताना वारा फिरतो आणि बांधावरून ठिणगी उडते. कुणी बिडी टाकतं. ज्याला चार म्हशींचा चारा हवा त्याला मी दोष देणार नाही, पण त्याच्याशी बोलायला हवं, आणि तेही दिवाळीनंतर लगेच, मार्चमध्ये धूर दिसल्यावर नव्हे. भाजणी सकाळी, वारा पडलेला असताना, भोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढून आणि पाण्याची घागर जवळ ठेवून झाली तर निम्मे वणवे लागणारच नाहीत. लागलाच तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे.

ज्यांचं घर किंवा गोठा जळालेल्या उताराखाली आहे त्यांनी आधी वर बघण्यापेक्षा ओढ्याकडं बघावं. लोंढा सरळ उतारावरून क्वचित येतो. तो घळीनं येतो. घळ जिथं उघडते तिथून आपण किती दूर, किती उंच, हे पावलांनी मोजून ठेवावं. ओढ्यात पडलेली झाडं, रस्त्याखालच्या मोरीत अडकलेला पाचोळा उन्हाळ्यातच काढावा, कारण लोंढा मोरीत तुंबला की रस्ता ओलांडून घरांकडं वळतो. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर बरं वाटून घेऊ नये. वर कुठंतरी ते अडलंय आणि फुटून येणार आहे. पाणी एकदम घट्ट गढूळ झालं, मातीचा उग्र वास आला, दगडावर दगड आदळल्याचा किंवा मालगाडीसारखा घरघराट आला, तर ओढ्याच्या दिशेनं खाली पळायचं नाही. बाजूला आणि उंचावर जायचं. बाहेर पडणं शक्यच नसेल तर वरचा मजला, डोंगराच्या विरुद्ध बाजूची खोली. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ भिंतीवर लिहून ठेवावा, मोबाइलमध्ये असून उपयोग नसतो. रात्री मोबाइल कुठं आहे तेच सापडत नाही.

भाचीच्या दाराशी अजून एक पिशवी भरलेली असते: कागदपत्रं, औषधं, पोरांचे बूट. जोराच्या पावसाचा अंदाज आला की दोन्ही पोरांना ती वरच्या मजल्यावर झोपवते. तिला विचारलं, हे कधीपर्यंत? म्हणाली, दोन हिवाळे तरी. तिकडं पाऊस हिवाळ्यात येतो.

गावाकडं थोरल्या भावाच्या अंगणात मी सरळ भिंतीचा एक पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवून आलो. आतून ७ मिलिमीटरवर तांबड्या रंगाची रेघ. हा आकडा परक्या डोंगराचा आहे, आपल्या गवताळ उताराला तो अगदी नेमका बसेल असं नाही, हे त्याला सांगितलं. पण खूण कुठंतरी करायला हवी होती. आमचा गोठा ओढ्याच्या तोंडापासून चाळीस पावलांवर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी त्याचा फोन आला. वळीव झाला होता. "वीस मिनिटांत रेघेच्या वर गेलं बघ. जनावरं मघाशीच देवळामागं नेऊन बांधलीत. ओढ्याला काळं पाणी आलंय, दगड वाजतायत, पण अजून काठातच हाय." मग म्हणाला, डबा रिकामा करून परत ठेवतो, दुसरी सर येईलसं दिसतंय.